दोघांच्या बदल्यात लॉनी

मर्ल हॅकेट तीस उन्हाळे बेसबॉलच्या मैदानावर होता, आणि तीस उन्हाळ्यांत एकाही सामन्याच्या कागदावर त्याचं नाव लागलं नाही. लॉगन्सफोर्डच्या संघात तो बुलपेनचा कॅचर होता. बुलपेन म्हणजे उजव्या कुंपणामागचा लांबट पट्टा. राखीव पिचर, म्हणजे चेंडू फेकणारे, तिथल्या बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडत असतात, आणि मैदानातला पिचर थकला की त्यांच्यापैकी कोणाला तरी बोलावणं येतं. त्याआधी हात गरम करायचा, म्हणजे वीस-पंचवीस चेंडू फेकायचे. ते झेलायला मर्ल गुडघे मोडून बसायचा. नाटकाच्या विंगेत एक माणूस असतो. नटाच्या खांद्यावरचा शेला नीट करतो, पाण्याचा पेला पुढे धरतो आणि मग त्याला हलकेच उजेडात ढकलतो. मर्ल तसा होता. टाळ्या त्यालाही ऐकू यायच्या, पण मधे कायम एक कुंपण असायचं.

या कामात त्याची एक कला होती. चेंडू ग्लोव्हच्या खळग्यात नेमका घेतला तर फटाका वाजल्यासारखा आवाज येतो, जरा इकडेतिकडे घेतला तर उशीवर चापट मारल्यासारखा. मर्लकडे सगळ्यांचेच चेंडू फटाक्यासारखे वाजायचे, फेकणारा कोणी का असेना. आज आपण केवढ्या जोरात फेकतोय, असं पोरांना वाटायचं. आत जाताना पोराच्या छातीत हवा पाहिजे, ती भरणं आपलं काम, असं मर्ल म्हणायचा. खरं काय ते मात्र त्याचा डावा तळहात त्याला सांगायचा. जिवंत चेंडू शेवटच्या हातभर अंतरात उसळतो आणि तळव्याला चावतो. मेलेला चेंडू नुसता येऊन बसतो. आवाज पिचरसाठी, तळहात स्वतःसाठी, अशी त्याने वाटणी करून टाकली होती.

त्या तळहाताचं ऐकणारा एकच माणूस होता, संघाचा मॅनेजर गस ड्रिस्कल. बुलपेनच्या भिंतीवर एक काळा फोन होता. पोराचा हात गरम झाला की तो वाजायचा. पलीकडून गस चेंडूत जीव आहे का ते दोनच शब्दांत विचारायचा, "आहे का?" मर्ल म्हणायचा, "आहे." किंवा, "आज नाही." एकोणीस वर्षं हेच चाललं होतं. त्या दोघांनी लग्नाबद्दल, बायकांबद्दल, राजकारणाबद्दल, देवाबद्दल पुष्कळ वाद घातले, पण या उत्तरावर गसने कधी दुसरा प्रश्न विचारला नाही.

हिवाळ्यात मर्ल गावच्या शाळेत बॉयलर सांभाळायचा. मूलबाळ नव्हतं. बायको नोरीन उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत खेळाडू ठेवून घ्यायची. या छोट्या संघांची रीतच तशी. बाहेरगावची पोरं गावातल्या कोणाच्या तरी घरी राहतात, त्यांच्याच टेबलावर जेवतात. त्या खोलीत कितीतरी पोरं येऊन गेली, पण खोलीला नाव पडलं ते एकाचंच. लॉनीची खोली. लॉनी प्रुएट विसाव्या वर्षी आला आणि दोन उन्हाळे राहिला. कुस्करलेल्या बटाट्यावर नोरीनच्या हातच्या शेवया घेऊन तो तीन-तीन ताटल्या खायचा आणि ताटल्या स्वतः धुवायचा. पुढे तो वर चढत गेला, अगदी शेंड्यावरच्या संघात एक्केचाळीस दिवस खेळला. गावातल्या न्हाव्याने त्याचा फोटो आरशावर लावला. मग तो एकेक पायरी उतरत परत खाली आला, आता बेलफील्डच्या संघात होता. नाताळला त्याचं कार्ड न चुकता यायचं, आणि नोरीन ते वर्षभर फ्रिजवर ठेवायची.

त्या वर्षी जुलैत संघ दुसऱ्या नंबरावर होता. विजेतेपद गावात येऊन अकरा वर्षं झाली होती. एक दिवस सामन्याआधी गस बुलपेनमध्ये आला, मर्लच्या शेजारी बसला आणि बाकावर चार बिया मांडल्या. हे चार म्हणजे आपली बुलपेन, तो म्हणाला. पोलांको, डोमिनिकन पोरगा, डावरा, समोर डावखुरे फलंदाज आले की हुकमी. बर्गस्ट्रॉम, सुरुवातीचा पिचर लवकर कोसळला तर तीन-चार डाव ओढणारा. तिसरा गावचाच, हायस्कूलचा मास्तर, शाळा उघडली की जाणार. आणि चौथा कर्टिस नॉल, शेवटच्या, नवव्या डावात दार लावून घेणारा. मग गसने पहिल्या दोन बिया उचलल्या आणि तोंडात टाकल्या.

"हे दोघे देतो. बेलफील्डवाले लॉनी देतायत."

गसने हिशोब समजावून सांगितला. लॉनी दर पाचव्या दिवशी सात डाव टाकणार, म्हणजे त्या दिवशी बुलपेनला जवळजवळ सुट्टी. पुढचा माणूस दमदार असेल तर मागे चौघं कशाला हवेत? हिशोब चुकीचा नव्हता. मर्लला त्यातली फक्त एकच जागा बोचत होती. लॉनी सात डाव न टाकता चार टाकू लागला, तर त्या दिवशी उरलेले पाच डाव कोण टाकणार? मास्तर गेल्यावर उरतो एकटा कर्टिस.

कर्टिस सव्वीस वर्षांचा होता. हिवाळ्यात मक्याचे ट्रक चालवायचा, उन्हाळ्यात चेंडू फेकायचा. एका मोठ्या संघाचा पारखी त्याला दोनदा पाहून गेला होता. हंगाम धडपणे संपव, मार्चमध्ये आमच्या शिबिरात ये, असं तो सांगून गेला होता. या गावातून कोणाला असं बोलावणं सात वर्षांत आलं नव्हतं. कर्टिसने ते कोणाला सांगितलं नव्हतं, फक्त मर्लला, आणि मर्लने नोरीनला.

"उद्या आपण बेलफील्डला आहोत," गस म्हणाला. "तुझा पोरगा आहे तो. भेटायला जा, वीस चेंडू झेल. तुझा हात काय म्हणतो ते मला सांग."

दुसऱ्या दिवशी दुपारी मर्ल बेलफील्डच्या बुलपेनमध्ये बसला. समोर लॉनी. चौतीस वर्षांचा, पोट थोडं सुटलेलं, टोपीखालचे केस विरळ. जुन्या ओळखीचे दोघे गंमत म्हणून चेंडू टाकतायत, असं कोणालाही वाटलं असतं. गस कुंपणापलीकडे पाठ करून उभा होता. दुसऱ्यांच्या पिचरकडे उघड बघत बसणं शिष्टाचाराला धरून नसतं, म्हणून तो बघत नव्हता, ऐकत होता.

पहिला चेंडू आला आणि मर्लच्या तळहाताला काहीच कळलं नाही. दुसरा, तिसरा. वाट बघावी आणि पाहुणा येऊच नये तसं. वीसपैकी तीन चेंडू चावले, तेही जेमतेम. पण तीस वर्षांची सवय हातात मुरलेली होती. हात आपोआप फिरत होता, चेंडू खळग्यात पडत होता, आणि कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या गसला वीस फटाके ऐकू गेले.

लॉनी चेंडू घ्यायला जवळ आला. मर्लला बरीच पोरं पॉप म्हणायची. "पॉप, कोणी घेतलं नाही तर रविवारी मला काढून टाकतायत," तो हसत म्हणाला. हसू तोंडावर होतं, डोळ्यांत नव्हतं. "इथून काढलं की मला दुसरं काही येत नाही. कुठे जाऊ ते कळत नाही. नोरीनबाईंची खोली रिकामी आहे का?"

मर्ल म्हणाला, रिकामी आहे.

बसपाशी गस वाट बघत होता. "आहे का?"

मर्लने बसच्या चाकाकडे पाहिलं. "आहे," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी अदलाबदल झाली. बर्गस्ट्रॉम सगळ्यांशी हात मिळवून निघून गेला. पोलांको बॅग खांद्याला लावून बुलपेनमध्ये आला. हा पोरगा मर्लला 'व्हिएहो' म्हणायचा. त्यांच्या भाषेत म्हाताऱ्याला प्रेमाने तसंच म्हणतात.

"व्हिएहो, दोन माणसं देऊन एक घेतला तुम्ही," तो म्हणाला. "आमच्या गावात गाढवाचा सौदा असाच होतो. पण आधी तोंड उघडून दात बघतात."

बाकावर बसलेली पोरं हसली. मर्लही हसला. मग ग्लोव्हला तेल लावायचं निमित्त करून त्याने मान खाली घातली.

नोरीनने खोली झाडली, चादरी बदलल्या, शेवया केल्या. लॉनीने तीन ताटल्या खाल्ल्या आणि धुतल्या. घरात इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. तो आनंद खोटा नव्हता. नंतर त्या उन्हाळ्याबद्दल काहीही बोललं गेलं तरी हे खरं होतं, की त्या आठवड्यात नोरीन स्वयंपाक करताना गुणगुणत होती.

पहिल्या सामन्यात लॉनीने पाच डाव ओढले. पुढच्यात चार. त्याच्या पुढच्यातही चार, आणि त्यात नऊ धावा गेल्या. उरलेले डाव मास्तर आणि कर्टिस वाटून घेऊ लागले. कर्टिसचं काम एका डावाचं, तो आता दोन-दोन टाकत होता. एका सामन्यात पुरा दमलेला माणूस दुसऱ्या दिवशी विश्रांती घेतो. पण विश्रांती द्यायची तर त्याच्या जागी फेकायला कोणीतरी लागतं. बाक लांबच लांब होतं आणि त्यावर दोघे बसलेले.

"पॉप, माझा हात आता माझा राहिला नाही," कर्टिस एकदा म्हणाला. "नगरपालिकेचा नळ झालाय. येईल तो उघडतो."

आणि बसल्या जागी कोपर चोळत राहिला.

मर्लचा तळहात रोज सांगत होता. कर्टिसचा चेंडू अजून चावत होता, पण आठवड्यामागून आठवडा कमी. दिव्यातलं तेल उतरत जावं तसं. मर्ल हे पाहत होता आणि घरी आल्यावर लॉनीसमोर बसून जेवत होता.

पंधरा ऑगस्टला खेळाडूंची यादी बंद होते. त्यानंतर संघात नवा माणूस घेता येत नाही. चौदाच्या सकाळी लॉनी स्वयंपाकघरात बर्फाच्या बादलीत खांद्यापर्यंत हात बुडवून बसला होता. नोरीन चर्चला गेली होती. आज ना उद्या हात परत येईल, एक आठवडा द्या, तो म्हणाला. मी तुमच्याकडे आणखी काही मागितलं का आजवर? मर्लने खूप आठवून पाहिलं. खरंच मागितलं नव्हतं.

त्या दुपारी गसने त्याला बाजूला घेतलं. उत्तरेकडच्या एका संघातून एक चांगला पिचर मिळत होता, पण यादीत जागा करायची तर लॉनीला सोडावं लागणार होतं. उद्यापर्यंत सांगायचं होतं.

"आहे का?" गसने विचारलं.

"येतोय," मर्ल म्हणाला. "उशिरा गरम होणारा हात आहे तो. आता लागलाय यायला. थोडे दिवस दे."

एकोणीस वर्षांत या प्रश्नाला इतकं लांब उत्तर कधी मिळालं नव्हतं. गस म्हणाला, ठीक आहे. यादी बंद झाली. पुढच्या आठवड्यात शाळा उघडली आणि मास्तर गेला.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारची दुपार. ऊन असं, की बाकाच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. लॉनी तिसऱ्या डावातच बाहेर आला होता आणि पलीकडे गसपाशी तोंडावर टॉवेल टाकून बसला होता. सुरुवातीच्या पिचरांपैकीच एकाला मधे आणून गसने कसाबसा आठवा डाव काढला. लॉगन्सफोर्ड एका धावेने पुढे. कर्टिस उठला. अकरा दिवसांत हा त्याचा नववा दिवस होता.

मर्ल बसला. दहा चेंडू झेलले. तळव्याला आता चावा नव्हता, आणखीच काहीतरी होतं. चेंडू शेवटी खाली झुकत होता, वाट चुकलेल्या माणसासारखा. अकराव्या चेंडूनंतर फोन वाजला.

"आहे का?"

"आज नाही, गस."

बाहेर लोक पाय आपटत होते.

"मग कोण?" गस म्हणाला.

मर्लने बाकाकडे पाहिलं. बाकावर पाण्याची बाटली होती आणि बियांची पिशवी.

"सांग ना, मर्ल. कोण?"

ज्या दोघांची नावं असायला हवी होती ते बेलफील्डला होते. कर्टिसने टोपी सरळ केली, मर्लच्या खांद्यावर थाप मारली, आपण ठीक आहोत म्हणाला आणि कुंपणाचं दार ढकलून धावत आत गेला. नेहमीसारखाच, मान खाली घालून. लोक उभे राहिले.

चौथ्या चेंडूला त्याने हात झटकला आणि तो पिचरच्या उंचवट्यावर गुडघ्यावर बसला. ओरडला नाही. पडलेला चेंडू उचलायला त्याने डावा हात पुढे केला, उजवा पोटाशी धरला. एवढं कुंपणाच्या जाळीतून मर्लला दिसलं. त्यानंतर संघ सामना हरला की जिंकला, हे त्याने कोणालाही कधी विचारलं नाही.

लॉनीला कोणी जा म्हटलं नाही. बुधवारी सकाळी पलंगावरची चादर ताणून घातलेली होती आणि तो बहिणीकडे ओक्लाहोमाला निघून गेला होता. नोरीन दारात उभी राहिली. "तुला माहीत होतं?" तिने विचारलं. मर्ल म्हणाला, पहिल्या चेंडूपासून. ती खाली गेली आणि बराच वेळ नळ चालू असल्याचा आवाज येत राहिला.

मग मर्ल गसकडे गेला. सगळं सांगितलं, वीसमधले तीन चेंडू, बर्फाची बादली, नोरीनच्या शेवया. गस शिव्या देईल, निदान टेबलावर मूठ आपटेल, असं त्याला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. गसने चष्मा काढून पुसला.

"बसपाशी तू चाकाकडे बघत होतास," तो म्हणाला. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. कदाचित कळलंही होतं. मलाही विजेतेपद हवं होतं ना."

"पुढच्या वर्षी मी येऊ?" मर्लने विचारलं.

"तू ये की. पण मी फोन उचलून विचारलं आणि तू 'आहे' म्हणालास, तर मी काय समजू?"

मर्ल टोपी उचलून घरी आला.

गावच्या डॉक्टरने कर्टिसला हात सहा महिने बांधून ठेवायला सांगितला. मोठी शस्त्रक्रिया करायला मोठ्या संघाचा पैसा लागतो, आणि मोठा संघ मार्चच्या शिबिरानंतरच पुढचं ठरवणार होता. पारख्याचं पत्र आलं होतं, हात बरा असेल तर ये, नसेल तर कळव. कर्टिस ट्रक डाव्या हाताने चालवायला शिकला. फेब्रुवारीच्या शेवटी, बर्फ अजून काळपट होऊन रस्त्याकडेला पडलेलं असताना, तो शाळेच्या बॉयलरखोलीत आला. जाड कोट, हातात दोन ग्लोव्ह.

"व्यायामशाळेची किल्ली असते ना तुमच्याकडे?" तो म्हणाला. "पॉप, मला दुसऱ्या कोणाला विचारायचं नाही. तुमचा हात सांगेल ते मी पत्रात लिहीन."

मर्लने त्याला सांगून टाकलं. उभ्या उभ्या, कोळशाने काळे झालेले हात पँटला पुसत, जुलैपासूनचं सगळं. कर्टिस ऐकत राहिला. रागावला नाही असं नाही. तो दाराकडे गेला, दाराच्या मुठीला हात लावून उभा राहिला.

"जुलैत बोलला असतात तर पोलांको इथे असता," तो म्हणाला.

"हो."

"मला शिबिराला जाता आलं असतं."

"हो."

"मग चला," कर्टिस म्हणाला. "निदान आता तरी खरं सांगा."

व्यायामशाळेत दिवे लावले. मर्लचे गुडघे बासष्ट वर्षांचे होते, बसताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. कर्टिसने कोट काढला, हात दोन-तीनदा फिरवला आणि फेकायला लागला. पहिला हळू. दुसरा थोडा जोरात. सहावा त्याने जीव तोडून टाकला. फेकताना त्याचा श्वास अडकलेला मर्लला ऐकू आला. चेंडू आला आणि ग्लोव्हमध्ये येऊन बसला.

मर्लने चेंडू परत फेकला नाही. तो हातात धरून उठला.

"नाही, कर्टिस."

"आज नाही?"

"नाहीच, बाबा."

कर्टिसने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या कोपराकडे. दुसऱ्याच्या घरातलं मोडकं सामान बघावं तसा तो कोपराकडे बघत होता.

"किती टाकले?" त्याने विचारलं.

"सहा."

"वीस टाकतात ना? मला वीस टाकू द्या."

आता उपयोग नाही, उलट दुखेल, उद्या ट्रकचा गिअरही टाकता येणार नाही, असं कितीतरी मर्लला सांगायचं होतं. कर्टिस रेषेवर जाऊन उभा राहिला होता आणि चेंडूसाठी हात पुढे करून थांबला होता. मर्लने चेंडू त्याच्याकडे टाकला, भिंतीला हात लावला आणि एकेक गुडघा मोडत परत खाली बसला.

अजून चौदा राहिले होते.